वृंदाच्या गेममधलं बंद दार

मंडळी, रविवारची दुपार सोडून तुम्ही नोएडा, फरीदाबाद, गुडगाव कुठून कुठून आलात. वृंदाला एवढी माणसं ओळखत होती, हे तिलाही माहीत नसावं.

मला बोला म्हणाले, तेव्हा मी नाही म्हटलं होतं. मग तिच्या मावशींचा फोन आला. "निखिल, ती दिवसभर कॉम्प्युटरवर काय करायची ते आम्हाला कुणालाच कळलं नाही रे. तू सांग." मावशी आज इथे नाहीत. वृंदाच्या वडिलांजवळ कुणीतरी बसायला हवं, म्हणून त्या इथे दिल्लीतच, द्वारकेच्या घरी आहेत. मी बोलतोय ते त्यांच्यासाठी रेकॉर्ड होतंय. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

वृंदा आणि मी पहाडगंजच्या मराठी शाळेत एका वर्गात होतो. पुढे ती चित्रकला शिकली, मुनिरकात खोली घेऊन राहिली, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढू लागली. मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो. मग तिची आई गेली, आणि त्याच वर्षी तिचे वडील, म्हणजे आमचे काका, विसरायला लागले. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं. वृंदानं मुनिरकाची खोली सोडली आणि द्वारकेला काकांकडे राहायला आली. म्हणाली, "दोन-चार महिने बघते, यार." सहा वर्षं झाली.

काका मंत्रालयात नोकरीला होते. त्यांचा सगळा संसार सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला. ते क्वार्टर आता पाडलंय. पण काका रोज संध्याकाळी चपला घालून उभे राहायचे. "चल, घरी जाऊ." दोनदा ते खरंच निघून गेले. दुसऱ्यांदा पालमला सापडले, अनवाणी. त्यानंतर वृंदानं दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली. काका आत. आणि काका आत म्हणजे वृंदाही आत.

तिथे तिनं तो गेम बनवायला घेतला.

ज्यांनी तो खेळला नाही त्यांना सांगतो. त्यात मारामारी नाही, पळापळ नाही. पडद्यावर वृंदानं हातानं रंगवलेलं ते क्वार्टर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, जाळीचा व्हरांडा. आपण एकेका वस्तूवर क्लिक करायचं. कूलरवर केलं, की कूलरची आठवण ऐकू येते. पिठाच्या डब्यावर केलं, की डब्याची. पण पुन्हा क्लिक केलं, की तीच आठवण थोडी बदललेली असते. तिसऱ्यांदा वस्तूचं नावच गळालेलं असतं. "ते आपलं… ते हे." आणि दारावर क्लिक केलं, की एकच उत्तर. "आत्ता नको." कितीही वेळा करा. आत्ता नको. दार उघडत नाही. गेमला शेवट नाही. कंटाळलात की तुम्हीच बंद करायचा.

प्रोग्रामिंग मी केलं. चित्रं, लिहिणं, आवाज, सगळं तिचं.

गेम बाहेर आला आणि लोक लिहू लागले. मी ऑफिसमधून तिला फोनवर वाचून दाखवायचो. "चित्रं अप्रतिम, पण गेम अर्धवट आहे." "तीन तास झाले, अडकलोय, कुणीतरी हिंट द्या." एकानं लिहिलं, "भाई, ये गेम है या क़ैद?" त्यावर ती इतकी हसली, इतकी हसली, की आतून काका विचारायला लागले कोण आलंय म्हणून. म्हणाली, "ह्याला बरोबर कळलं बघ." एकानं तक्रार केली, डब्याचं नाव बदलतं, हा बग आहे, दुरुस्त करा. तिनं स्वतः उत्तर दिलं. "हा बग आमच्या घरीही आहे. सापडला उपाय तर कळवा."

दुसरीही पत्रं यायची. इंदूरच्या एका बाईंनी लिहिलं, की त्या आईला शेजारी बसवून खेळतात. आई त्यांना मुलगी म्हणून ओळखत नाही, पण पडद्यावरचा पाटा-वरवंटा तिनं ओळखला आणि वाटण कसं करायचं ते सांगितलं. हे पत्र वृंदानं मला दोनदा वाचायला लावलं.

आता मी जे सांगणार आहे, ते मला इथेच सांगायला हवं.

मला ती नाराज पत्रं सहन होईनात. अर्धवट, अर्धवट, सगळीकडे अर्धवट. मी तिला म्हटलं, "अगं, शेवटी दार उघडू या ना. लोकांना बरं वाटेल." ती म्हणाली, "नाही." मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मग काका आजारी पडले, ती त्यांच्यात अडकली, आणि मी तिला न विचारता गेममध्ये बदल केला. तिचंच एक जुनं चित्र घेतलं, क्वार्टरबाहेरचा रस्ता, कडुनिंब, ऊन. सगळ्या वस्तू पाहून झाल्या की दार उघडायचं आणि खेळणारा त्या उन्हात यायचा.

लोक खूश झाले. "थँक यू, शेवटी सुटलो." असे किती निरोप आले. तिला त्या निरोपांवरूनच कळलं.

तिचा फोन आला. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "निखिल, मला बाहेर काढायचं होतं, तर घरी यायचंस. गेमचं दार कशाला उघडलंस?"

मी त्याच दिवशी ते दार पुन्हा बंद केलं. आणि शनिवारी द्वारकेला गेलो.

तिनं गळ्यातली किल्ली माझ्या हातात दिली. "दोन तासांत येते. काकडी देऊ नकोस त्यांना, ठसका लागतो." कुठे गेली असेल? मेट्रोनं सरोजिनी नगरच्या बाजारात गेली. तीन कुडते घेऊन आली, दोन तिला होतही नव्हते. पण चेहरा! शाळेतली वृंदा दिसली मला त्या दिवशी. पुढे पाच-सहा शनिवार मी जात राहिलो. मग ऑफिसचं काम वाढलं. एक शनिवार चुकला, मग दुसरा. तिनं कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. "तासभर येशील का? रक्त तपासून येते. बाबांना एकटं सोडता येत नाही." माझी मीटिंग होती. मी म्हटलं, "उद्या नक्की येतो." ती म्हणाली, "बिल्कुल, उद्या ये."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. ती दार उघडायला आली आणि तिथेच भिंतीला धरून बसली. डेंग्यू होता. दवाखान्यात पाच दिवस काढले तिनं. डॉक्टर म्हणाले, एका दिवसानं फरक पडला असता की नाही, सांगता येत नाही. सांगता येत नाही, मंडळी. हेच घेऊन मी आता राहणार आहे. बाहेर भेटल्यावर कृपा करून माझी समजूत घालू नका.

ती गेल्याचं मी गेमच्या पानावर लिहिलं. दोनच ओळी लिहिल्या. त्याखाली जगभरातून माणसं लिहितायत. एका शिक्षकानं गेममधल्या एकूण एक वस्तूचं नाव वहीत उतरवून त्याचा फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय, "ही नावं आता माझ्याकडे आहेत." आणि कितीतरी जणांनी लिहिलंय, की आमच्या घरालाही आतून कुलूप आहे.

आज सकाळी मी काकांना भेटून आलो. त्यांनी मावशींना विचारलं, "वृंदा कुठंय?" मावशी कशाबशा म्हणाल्या, "बाहेर गेलीये." काकांचा चेहरा उजळला. म्हणाले, "अच्छा? बरं झालं. कधी कुठे जातच नाही ती पोरगी."



आता उभं राहू या. खरं तर दोन मिनिटं उभं राहायची पद्धत आहे. पण मघापासून मी बघतोय, मागच्या रांगेत दोघं-तिघं सारखं घड्याळ बघतायत. त्यांना मी ओळखतो. घरी कोण आहे, दाराला कुलूप लावून ते आलेत की शेजारी कुणाला बसवून आलेत, तेही मला माहीत आहे. तुम्हाला उशीर नको.

वृंदासाठी एकच मिनिट. मग तुम्ही लगेच निघा. आणि ज्यांना घरी जायची घाई नाही, त्यांनी त्यांच्याबरोबर जा.