नीट आठवत नाही

वकिलाची स्मरणशक्ती दांडगी म्हणता ना? मग ऐका.

मी इथं पनवेलला वकिली करतो. माझी एक अशील, उरणकडची मासे विकणारी मावशी. साक्षीत अडखळली, तर जजसाहेब तिच्यावर खेकसले, "नाटकं बंद कर!" ती तिथंच रडायला लागली. नंतर तिनं वर तक्रार धाडली. चौकशीला बाहेरून अधिकारी आले. मावशीला शेजारी बसवून त्यांनी मला विचारलं, "साहेब असं बोलले होते का?"

मला तर रोज त्याच साहेबांसमोर उभं राहायचं. म्हणालो, "नीट आठवत नाही, सर."

बाहेर आल्यावर मावशी काळजीनं म्हणाली, "वकीलसाहेब, तुमची तब्येत बरी हाय ना? त्या दिवशी तुमीच तर मना पानी दिलंत."