जुना पंप की नवा?

...आणि वर मलाच विचारतात, एवढ्याशा पंपासाठी अडलात? अहो, इंजिनात तेल फिरवतो तोच! तो बंद पडला की अख्खं इंजिन चिकटलं! पण लोकांना काय, मुठीएवढी वस्तू!

तुम्हाला सांगतो, त्र्याऐंशी साली आमच्या मुलीचं, राहीचं लग्न ठरलं आणि मी बोलून बसलो, बाय, तू आजोबांच्या मोटारीतून सासरी जाणार. एका ओळीत सहा सिलिंडर, पण बंद पडलेली. पोर लहानपणापासून तिच्या मागच्या सीटवर बसून खोटं खोटं गावाला जायची हो! मग काय, इंजिन उतरवलं, पडवीत मांडलं, सगळं जमलं... आणि अडलं पंपाशी! भागोजी मेस्त्री म्हणतो, "दादानू, जुनोच घासून बसवूया." आमचा चुलतभाऊ हरिश्चंद्र, बोटीवर इंजिनरूमला असतो, तो म्हणतो छे छे, मुंबईहून मोठा आण, तेलाला दाब कसा खणखणीत येईल! भागोजी म्हणतो, मोठा सगळं तेल वर ओढील नि खाली ठणठणाट. मला दोघांचंही पटायचं! शेवटी देवळात कौल लावला. हसताय काय? विहिरीला लावतात, घराला लावतात, पंपाला का नको? गुरवानं देवाला पाकळ्या चिकटवल्या. मोठा बसवू? डावी पडली, म्हणजे नको. जुना बसवू? परत डावी! आमची मंडळी म्हणाली, देवालासुद्धा वैताग आणलात. मुठीएवढी वस्तू हो!

लग्नाची तारीख काय पंपासाठी थांबते? पाठवणीच्या वेळी इंजिन पडवीतच, गोणपाटाखाली. पोर नव्या शालूत वऱ्हाडाच्या एसटीत बसली, खिडकीशी. गोणपाटाकडे एकदा बघितलंन आणि मान फिरवलीन. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मग? मग जुनाच बसवला. गाडी चालू! एकटाच घेऊन लांज्याला गेलो, तिच्या सासरी. राही बाहेर आली, बॉनेटवर हात ठेवून ऐकत राहिली.

"बाबा, कुठला बसवलात शेवटी?"

"जुनाच."

"म्हणजे... होता तोच?"

चहा घेतला, निघालो. आणि इंजिन इतकं मऊ चालत होतं म्हणून सांगू... पार हातखंब्यापर्यंत मला माझंच रडणं स्वच्छ ऐकू येत होतं!