रजिस्टरमधील पान क्रमांक ४७

जबाब, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार, दुपारी ३ वाजून २० मिनिटे.

नाव सुमंत शंकर मिसाळ, वय ५५ वर्षे, धंदा टर्निंग व प्रेसचे वर्कशॉप, गोकुळ रोड, राहणार केशवापूर, हुबळी. शिक्षण दहावी पास. कामगार कायद्याची पुस्तके स्वतः वाचली आहेत, पण त्यासाठी रकाना नाही असे ठाणे अंमलदार म्हणाले.

समक्ष हजर राहून लिहून देतो की, मला कन्नड लिहिता-वाचता येते. परंतु हरवलेली वस्तू मराठीत असल्याने हा जबाब मी माझ्या हाताने मराठीत लिहीत आहे.

हरवलेली वस्तू म्हणजे एक रजिस्टर. लांबी ३३ सेंमी, रुंदी २१ सेंमी, पुठ्ठा काळा, पाठीला लाल कापड. पाने २००, पैकी ८३ पर्यंत वापरलेली. गोकुळ रोडवरच्या लहान वर्कशॉपांत मशीनखाली हात किंवा बोट गेल्याच्या नोंदी त्यात आहेत. एका पानावर एक नोंद, म्हणजे पानाचा नंबर तोच अपघाताचा नंबर. तारीख, वेळ, मशीन, कोणता हात, कोणते बोट, कितव्या पेरापासून, आणि मशीनला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, होता की नाही.

हे रजिस्टर ३ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू केले. त्या वेळी मी व गोपाळ बोंगाळे दुसऱ्याच्या वर्कशॉपात टर्नर होतो. शेजारच्या एकाचा अंगठा गेला म्हणून आम्ही दोघे सरकारी कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, “अण्णा, तुमच्या रस्त्यावर असं घडल्याचा एक कागद आमच्याकडे नाही. कागद आणा, मग बोलू.” परत येताना गोपाळने हे रजिस्टर विकत घेतले. तो म्हणाला, “सुमंता, तू मोज, मी लिहितो. तू लिहायला बसलास तर बोटाच्या आधी मशीनचा नंबर लिहिशील.” त्याचे अक्षर चांगले होते.

मागील वर्षी धारवाडच्या विद्यापीठाच्या कायदा विभागाने अशा वर्कशॉपांचा अभ्यास सुरू केला. दहापेक्षा कमी माणसे असतील तर कारखान्याचा कायदा आम्हाला लागत नाही. गार्ड सक्तीचा करावा असा नियमाचा मसुदा विद्यापीठ सरकारला देणार आहे. संशोधक पल्लवी देशपांडे, वय अंदाजे २७, माझ्याकडे आल्या. यंदा दिनांक ९ जून रोजी मी रजिस्टर घेऊन विद्यापीठात गेलो. त्या फाटकासमोरून तीस वर्षे जात-येत होतो. आत प्रथमच गेलो. झाडे फार जुनी आहेत. मला टेबलाच्या पुढच्या बाजूला खुर्ची दिली आणि दोन प्राध्यापकांनी उभे राहून रजिस्टर पाहिले.

मी कोणालाही कागद देताना पोच घेतो. वीज खात्याकडून घेतो, सख्ख्या भावाकडूनही घेतली आहे. विद्यापीठाकडून घेतली नाही. मागायला जीभ उचलली नाही.

काल दिनांक १३ रोजी पल्लवीबाई काही नोंदी पडताळायला रजिस्टरसह वर्कशॉपात आल्या. सायंकाळी ५.१० ला बसने धारवाडला निघाल्या. उतरताना रजिस्टर असलेली निळी पिशवी जागेवर नव्हती. त्यांनी बसच्या डेपोत व येथे वेगळी तक्रार दिली आहे. माझा कोणावरही संशय नाही. पल्लवीबाईंना दोष देऊ नये. त्या फोनवर बराच वेळ रडत होत्या.

सर्व पानांचे फोटो आहेत. मग रजिस्टरच कशाला हवे, असे विचारल्यावरून सांगतो. मंगळवार दिनांक १८ रोजी सकाळी ११ वाजता विद्यापीठात मसुद्यावर सुनावणी आहे. मालकांच्या वकिलांची हरकत अशी की ही यादी कोणीतरी अलीकडे एका बैठकीत लिहून काढली. मूळ शाई व कागद समोर नसेल तर लहान वर्कशॉपे मसुद्यातून वगळली जातील. पल्लवीबाई म्हणाल्या, “सर, मग ज्यांनी हे लिहिलंय ते स्वतः येऊन ‘हे माझं अक्षर’ म्हणाले तरी चालेल की. कुठं असतात ते?” मी चौकशी करतो म्हणालो.

ओळखीची खूण विचारल्यावरून सांगतो की, पान १ ते ४६ गोपाळचे अक्षर आहे, ४८ ते ८३ माझे. मधल्या पानावर काय, असे ठाणे अंमलदारांनी विचारले. ते कोरे आहे. पल्लवीबाईंनीही विचारले होते. त्यांना मी पाने चिकटली होती असे सांगितले. ते खोटे आहे.

पान ४७ ची नोंद अशी. दिनांक ११ मार्च २०१५, बुधवार, सकाळी ११.४०. वर्कशॉप आमचेच, मी व गोपाळ भागीदार. मशीन पॉवर प्रेस. उजवा हात, पहिले व मधले बोट, दुसऱ्या पेरापासून. नाव गोपाळ बोंगाळे. गार्ड नव्हता. गार्ड त्या दिवशी सकाळी ८ वाजता मी काढला होता, काम भरभर व्हावे म्हणून. गोपाळ म्हणाला होता, “राहू दे की रे गार्ड, झाले तर दहा नग कमी होतील.” मी ऐकले नाही.

विद्यापीठाच्या मसुद्यात ८३ अपघात छापले आहेत. लिहिलेल्या नोंदी ८२ आहेत. मी दुरुस्ती कळवली नाही, कारण ८३ हाच आकडा बरोबर आहे.

गोपाळ दवाखान्यातून परत वर्कशॉपात आला नाही. मी बोलावले नाही. तो हल्ली उणकल येथे तळ्यामागच्या नव्या वसाहतीत राहतो. माझ्या घरापासून अंतर ५.२ किलोमीटर. इतके नेमके कसे माहीत, असे विचारल्यावरून सांगतो की स्कूटरच्या मीटरवरून. त्याच्या घरी गेला होतात का? कोपऱ्यापर्यंत. किती वेळा? ते मोजलेले नाही. यावर ठाणे अंमलदार कानडी वळणाने म्हणाले, “काय री मिसाळ, जगातली एवढीच गोष्ट तुम्ही मोजली नाही?”

तो आता डाव्या हाताने लिहितो असे ऐकले आहे. मी पाहिलेले नाही.

फोटो दाखवून अक्षर त्याचेच का, हे विचारण्यासाठी गोपाळला सोमवार दिनांक १७ रोजी सकाळी ११ वाजता ठाण्यात बोलावण्याची नोटीस आज निघत आहे. नोटिशीत माझे नाव घालायचे का, असे मला विचारले. घालावे. म्हणजे यायचे की नाही ते त्याला ठरवता येईल. त्या वेळी मला बोलावलेले नाही. मी हजर राहीन.

या जबाबाची एक प्रत विद्यापीठास द्यावी. पोच घ्यावी.

वरील मजकुराचे ठाणे अंमलदारांनी कन्नड करून मला वाचून दाखवले. मी लिहिले तसेच ते आहे. एका ठिकाणी दुरुस्ती केली. गोपाळच्या नावापुढे त्यांनी ‘माजी भागीदार’ लिहिले होते. आमचा करार कोणी रद्द केलेला नाही. ‘माजी’ एवढे खोडून तिथे सही केली आहे.

सुमंत शंकर मिसाळ