शिडी न लागणारा गुणवंत

१९६८ सालचा डिसेंबर. नागपूरच्या बसस्थानकावर काटोलच्या रांगेत माझ्यापुढे संत्र्याची बाग असलेले महादेवराव आणि त्यांचा ताडासारखा उंच मुलगा गुणवंत उभे होते. त्यांना अडवायला विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान पद्माकर धावत आला होता.

“काका, उद्या फायनल आहे. याले नका नेऊ ना!”

“बागेत संत्र्याचा तोडा सुरू हाय गा. याले शिडी लागत नाही.”

“म्हणून तर आम्हालेही पाहिजे! टीम बनली तेव्हापासून एक कप नाही भेटला.”

“कप तर माह्या घरी ढीगभर हायेत.”

“बाबा, एक दिवस खेळू द्या ना.”

“अन् शेंड्यावरचे संत्रे कोण तोडन? तुही माय चढन?”

“आम्ही तोडतो, काका! परवा सारी टीम घेऊन येतो.”

“सारे असेच लंबे हायेत?”

“सारे! त्यांच्यात मीच बुटका आहो.”

महादेवरावांनी मान वर करून कप्तानाकडे पाहिलं.

“गुणवंता, थैली उचल. काहून उभा राहिला? रांगेतून बाहेर ये. अन् तू सांग गा, मॅच किती वाजता हाय?”

फायनल ते हरले. तरी सारी टीम आमच्या काटोलला आली आणि तोडा करून गेली. गुणवंत पुढे रेल्वेत लागला, तिथल्या संघातून खेळला. पद्माकर विद्यापीठाच्या संघाचा कोच झाला आणि दर हिवाळ्यात नवी पोरं बागेत आणत राहिला. महादेवरावांनी शिडी विकून टाकली.