न बोललेली दोन वर्षं

ये वं माय, आठे बैस, माझ्याजवळ. तिथं लांब खुर्चीवर सायबीण होऊन काय बसलीस? दिवाळीला येते म्हणाली होतीस, होळी होऊन गेली. आणि तो मोबाइल पिशवीत टाक आधी, नातीच्या, दुर्वाच्या नजरेला पडू देऊ नको, मग काय लिहायचं ते लिही. तुले लिहायचं म्हणून मी जमेल तसं मराठीत सांगते.

माझं माहेर शिंदखेड्याकडचं, सासरही तिकडचंच. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचायला मी अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यांवरून शिकले. तुझी माय तिथं सेविका, मी मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरं घरून उचलून आणायची, नाकं पुसायची हे माझं काम, शिकवायचं कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते होऊनच जायचं. चिंचोके होते ना डब्यात, ते ओतायचे, बठ्ठा चिंचोका वाटीमा टाक म्हणायचं, मोठे इकडे, बारके तिकडे, डाळ निवडतानाही तोंड सुरूच, कावया उना, भाकर लई गया, कुठं गेला कावळा, मग पोर बोट दाखवायचं आणि एक दिवस बोलायचंच. तू आता एवढी पेनवाली झालीस, पण पहिल्यांदा कावया म्हणालीस ते माझ्या मांडीवर बसून. तुझी माय म्हणायची, अक्का, तुमचं तोंड म्हणजे पिठाची गिरणी, वीज गेली तरच बंद.

ती गिरणी बंद पडली माय, आणि कुणासाठी, तर माझ्याच नातीसाठी.

आमचे हे गेले तेव्हा मुलगा म्हणाला, दीपनगरला चल, एकटी काय करशील. त्याला इथं वीजकेंद्रात काम, सून भुसावळला इंग्रजी शाळेत शिकवते. दोघं सकाळीच निघतात, आणि दुर्वा तेव्हा आठ महिन्यांची. पहिल्याच आठवड्यात सून चहा घेऊन शेजारी बसली, हळूच म्हणाली, आई, राग मानू नका, पण हिच्याशी अहिराणी नका बोलू. जळगावला कॉलेजात ती एकदा वर्गात सगळं म्हणायच्या जागी बठ्ठं म्हणून गेली होती, तर पोरी तीन वर्षं तिला बठ्ठं म्हणूनच हाक मारत होत्या. सांगताना रडवेली झाली. तिला काय वाईट म्हणू मी? बरं बाई, म्हटलं. मुलगा तिथंच होता, चपलेचा पट्टा लावत बसला, तो लागता लागेना.

आता माझी शुद्ध मराठी म्हणजे मीटिंगपुरती. नमस्कार मॅडम, हजेरी, पोषण आहार. त्या भाषेत लेकराला खेळवू कसं? आहे म्हणायला तोंड उघडलं की शे बाहेर पडायचं, मग जीभ चावायची. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बरं, असं करत करत मी गप्पच झाले. सून मोबाइलवर इंग्रजी गाणी लावून जायची, मी तो दुर्वापुढं धरून बसायची. मन आतून सांगायचं, अगं, तू एवढी पोरं बोलती केलीस, हे काय करतेस? तरी बसले. दोन वर्षं बसले, काय सांगू तुले.

इथं गॅलरीच्या कठड्यावर केंद्राच्या धुराड्याची राख बसते, रोज पुसा, रोज बसते. एक दिवस दुर्वा त्या राखेवर बोट फिरवत होती. मला वाटलं रेघ काढते, कोण आनंद झाला. जवळ जाऊन बघते तर बोट आडवं सरकवायची, थांबायची, परत सरकवायची. चित्र बदलायची वाट पाहत होती. बदलेना, तशी रडली. आई म्हणाली नाही, आजी म्हणाली नाही, नुसती रडली.

डॉक्टरांनी कान तपासले, कान चांगले निघाले. मग त्यांनी विचारलं, दिवसभर हिच्याशी कोण बोलतं? सून खिडकीकडं पाहू लागली, मुलगा फरशीकडं. मी म्हटलं, साहेब, मी असते घरी, पण मी बोलत नाही. ते म्हणाले, आजी, मोबाइल बंद करा आणि तुमची जी भाषा असेल ती बोला, भरपूर बोला. मी विचारलं, येईल ना बोलणं? ते म्हणाले, उशीर झालाय, प्रयत्न करू. गाडीत सून माझा हात धरून रडली. मी तिला दोष देत नाही. तिला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं, एवढाच काय तो फरक.

गावाहून चिंचोके मागवले. तोंडात घालू नये म्हणून समोरच बसते, वाटीत टाकते, कावया उना म्हणते, तर ती उठते आणि आपला तळहात माझ्या तोंडावर ठेवते. दाबून ठेवते. रागानं नाही गं, तिला वाटतं आजीला काहीतरी होतंय. एवढं बोलताना आजीला तिनं पाहिलंच कुठं होतं?

आता तीन वर्षांची होईल. महिन्यातून दोनदा जळगावला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडं नेतात, जाताना मी चिंचोक्यांची पिशवी सोबत देते, आली तशी परत येते. मी रोज बोलते, पण आशा धरून बोलते असं नाही, सवयीनं बोलते.

म्हणून म्हणते, आता परत लवकर ये. मायलाही घेऊन ये, दोघी माझ्याशी भांडा वाटलं तर, पण अहिराणीत, मोठ्यानं. एकटीचं तोंड ती दाबते, तिघींची दाबायला तिला हात कुठून येतील?