पाठीवरचा भोवरा

अरे, परवा बैलबाजारात मार खाता खाता वाचलो राव! मांजरसुंब्याकडं चित्राची वही घेऊन गेलतो. एक पांढरा खोंड असा ऐटीत उभा, की हात थांबंचना. दोन मिनिटांत उतरवला कागदावर. पलीकडच्या अंगाला एक म्हातारा गिऱ्हाईक त्याच खोंडाचे दात बघत होता. तो वहीत डोकावला अन् दचकलाच, "पाठीवर हे काय? भोवरा?"

झालं! पाठीवर असा अपशकुनी भोवरा असलेलं जनावर कोण दावणीला बांधतंय? खोंडाचा मालक माझ्या अंगावरच आला. "कशाला काढला बे? पूस आधी!"

"मामा, मला भोवऱ्यातलं काय कळतंय? केस गोल फिरलेले दिसले, तसे काढले."

"पूस म्हणलं ना!"

घाबरून खोडरबर काढलं अन् पुसलं. मालक लई खूश. म्हाताऱ्याला म्हणतो, "बघा, गेला का न्हाई भोवरा?"

म्हातारा माझ्या बाजूला आला, खोंडाच्या पाठीवरून हात फिरवला अन् एका जागी थांबला. मग माझ्या हातातलं खोडरबर घेऊन मालकाच्या हातावर ठेवलं.

"आता हितला पूस."