मौन आणि लॅक्रॉसचा दांडा

तुम्ही म्हणता ना, मी कधी व्रत मोडत नाही? एकदा मोडलंय, तेही एका दांड्यापायी.

आम्ही तेव्हा जर्मनीत, फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला होतो. चातुर्मासात दर शनिवारी दिवेलागणीपर्यंत मौन, असा माझा नेम. आणि नेमका शुक्रवारी आमच्या ऋजुताच्या लॅक्रॉसच्या काठीचा दांडा वाकला. लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीनं चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ. रविवारी तिची पहिली मॅच, आणि रविवारी दुकानं बंद! म्हणून शनिवारीच फ्रँकफर्टला धावलो. दुकान चारला बंद होणार, आम्ही पोहोचलो पावणेचारला.

ऋजुताचं काही ठरेना. "आई, हा हलका आहे, हा मजबूत. कुठला घेऊ? श्नेल, लवकर सांग!"

लाटणं घेताना करते तेच मी केलं. दांडा काउंटरवर आडवा ठेवून ढकलला. सरळ असेल तर गडगडत जातो ना! हा खडखडत दोन बोटं सरकला आणि थांबला. मी नकारार्थी मान हलवली. दुसरा, तिसरा, पाचवा, सगळ्यांची तीच गत. दुकानदार घड्याळाकडे बघतोय, माझा जीव वरखाली.

"नाईन काय नाईन? नुसतं नाही-नाही काय करतेस? आई, बोल ना!" पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि बोलले, "अगं, सगळे वाकडे आहेत!"

ऋजुतानं दांड्याचं टोक माझ्यासमोर धरलं. "आई, ते अष्टकोनी आहेत! हातात फिरू नयेत म्हणून मुद्दाम तसे करतात!"

शेवटी तिनं हलका घेतला. बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "उद्या मॅचला येऊ ना गं?"

"ये ना," ती हसत म्हणाली, "पण मौन धरून ये."